बिनसाखरेची एकादशी

ज्या राज्यात आमदारकीची वाट साखर कारखान्याच्या गेटातून जाते, तिथे हल्ली साखरेचं नाव काढलं की माणसं दचकतात. आमच्या सोसायटीतले नाना तर टपरीवर पोचायच्या आधीच ओरडतात, "माझा बिनसाखरेचा!" मग शर्टाच्या खिशातून ती चपटी डबी निघते. टक्, टक्. आपल्या चहात दोन गोळ्या, समोरच्याच्या चहात आग्रहाची एक. एवढं पुण्य गाठीला लागलं की नाना निर्धास्तपणे क्रीमरोलकडे वळतात. "चहातली साखर वाचवली ना!" एकादशी अन् दुप्पट खाशी हा प्रकार आजवर साबुदाण्यापुरता होता, नानांनी तो रसायनशास्त्रात नेला.

तसा या गोड गोळ्यांच्या शास्त्राचा इतिहासच मुळी हात न धुणाऱ्यांचा. 1879 साली अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, कॉन्स्टंटिन फालबर्ग डांबरातून निघणाऱ्या रसायनांशी खटपट करून तसाच जेवायला बसला. पाव गोड लागला, सॅकरिन सापडलं. 1965 मध्ये जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटलं आणि ॲस्पार्टेम हाती आलं. 1976 मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस यांना एक पदार्थ तपासायला सांगितला, त्यांना ऐकू आलं चाखायला. (मराठी कानाला दोन्ही 'टेस्ट'च!) त्यांनी चाखला. साखरेच्या सहाशे पट गोड असा सुक्रालोज तो हाच. संशोधनात भागीदार होती टेट अँड लाइल, म्हणजे साखर विकणारी कंपनी. सत्ताधारी आणि विरोधक एकाच वाड्यात ठेवायची ही विद्या आपल्याला नवी नाही.

मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला साखरेऐवजीचे हे गोड पदार्थ वापरू नका, दीर्घकाळात चरबी घटत असल्याचं दिसत नाही. उलट वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात. आता गोळीमुळे दुखणं येतं की दुखण्याची चाहूल लागलेलीच माणसं गोळी घेतात, हे काही पक्कं सुटलेलं नाही, आणि संघटनेनेही ते मान्य केलं आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. नानांना मधुमेह नाही. पण "होऊ नये म्हणून" ते बासुंदीसुद्धा गोळी घालून खातात. आटवलेलं दूध, काजू, बदाम हे सगळं त्यांच्या मते बिनसाखरेचं असल्यामुळे बिनउष्मांकाचं असतं.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2022 मध्ये आणखी एक खडा टाकला. 120 निरोगी माणसांपैकी काहींना दोन आठवडे सॅकरिन, काहींना सुक्रालोज दिलं, तेही परवानगीच्या मर्यादेत. आतड्यातले जिवाणू बदलले आणि काहींच्या रक्तातली साखर ताळ्यावर राहीना. सगळ्यांची नव्हे, काहींचीच. आणि दोन आठवड्यांचा प्रयोग म्हणजे काही जन्माचा दाखला नव्हे. पण नानांना पोटातल्या जिवाणूंचा राग आला. "फुकट राहतात आणि वर तक्रारी!"

मग जुलै 2023 मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' अशा 2-बी गटात घातलं. पुरावा तोकडा, शंका पुरेशी, असा हा गट. सूनबाईंनी फोनवर बातमी वाचून दाखवली आणि डबी जप्त केली. नानांनी पूर्ण यादी मागितली. त्यात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क होता. आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या होत्या. "हा तुझा सकाळचा कोरफडीचा रस," नाना म्हणाले, "आणि हे बहुतेक तुझ्या आईचं लोणचं." डबी परत मिळाली.

त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने ॲस्पार्टेमची जुनी मर्यादा कायम ठेवली होती: वजनाच्या दर किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायची तर दिवसाला डाएट कोल्ड्रिंकचे नऊ ते चौदाहून जास्त कॅन प्यावे लागतील. नानांनी चष्मा चढवला, आपलं ब्याऐंशी किलो वजन मांडलं, त्रैराशिक सोडवलं आणि फ्रीज उघडला.

"सूनबाई, माझे आजचे अजून नऊ शिल्लक आहेत. सोबत थोडी भजी काढतेस का?"