पिवळ्या दिव्याची गाडी

एके काळी लाल दिव्याच्या गाडीला काय मान होता! नाक्यावरचा दांडा आपसूक वर जायचा, शिपायाचा हात नकळत टोपीकडे जायचा आणि गावातली पोरं गाडीमागे धावायची. त्याखालोखाल मान पिवळ्या दिव्याला. 1 मे 2017 पासून केंद्र सरकारने हे दिवे उतरवले आणि साहेब लोक उघड्या टपाने फिरू लागले. मला दिवा मिळाला तो त्यानंतर. पिवळाच, पण टपावर नाही. आत, स्टिअरिंगच्या मागे. आणि तो पाहून कोणी सलाम ठोकत नाही, सल्ला ठोकतं.

तो लागला भंडारा जिल्ह्यात. चुलतसाळीच्या साक्षगंधासाठी नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग 53 ने आम्ही साकोलीला निघालो होतो. पुढे मी आणि सौ., मागे तिची आत्या आणि आत्यांचे तीन डबे. मौदा मागे पडलं, जिल्ह्याची हद्द लागली. दोन्ही अंगांना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, मधूनमधून पुंजणे, डिसेंबरचं कोवळं ऊन. गाडी लोण्यासारखी चालली होती आणि नेमका तेव्हाच दिवा पेटला. तोही जवाहरनगरशेजारच्या ठाण्याला, ज्याला सगळा जिल्हा ‘ठाणा पेट्रोलपंप’ म्हणतो. आजारी पडायला इतकी सोयीची जागा निवडल्याबद्दल इंजिनाचं कौतुक करावं तेवढं थोडं.

दिवा म्हणजे एक छोटंसं पिवळं चित्र. कंपनीच्या मते ते इंजिन. आत्यांनी चष्मा सावरून पुढे वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा तं आपल्या बोडीवरचा मोटरपंप हाये. पानी सरलं असन त्याचं.”

मी गाडी कडेला घेतली. धूर नाही, जळकट वास नाही, तापमानाचा काटा जागेवर, इंजिनाचा सूर नेहमीचा. गाडी ओढत नव्हती म्हणावं तर तसंही नाही. खोकणाऱ्या गाडीवर निदान चिडता तरी येतं. ही ठणठणीत, आणि तरी पिवळ्या डोळ्याने आपल्याकडे एकटक बघतेय. तपासायला गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी “तसं काही नाही, पण...” एवढंच सांगून पुढचा पेशंट बोलवावा, तशी गत.

गाडीच्या पुस्तकात रंगाचा नियम दिलेला असतो आणि तो सोपा आहे. तांबडी तेलाची बुधली किंवा तांबडा तापमापक दिसला की आहे तिथे थांबायचं, इंजिन बंद करायचं, पुढच्या गावाचं नाव काढायचं नाही. पिवळं इंजिन स्थिर जळत असेल आणि गाडीची चाल, आवाज, काटा सगळं जागच्या जागी असेल, तर बेताने चालवत जाता येतं. चार-आठ दिवसांत दाखवायचं. तेच पिवळं इंजिन लुकलुकायला लागलं तर प्रकरण वेगळं. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेट घेतं आणि ते महागडं भांडं आतून वितळतं. तेव्हा पाय हलका करायचा आणि लवकरात लवकर थांबायचं. आमचा दिवा स्थिर होता. चहा घ्यायला हरकत नव्हती.

टपरीवर निदान सुरू झालं. पंपावरच्या पोराने इथेनॉलचं नाव घेतलं. हल्ली गाडीने जांभई दिली तरी इथेनॉलचंच नाव निघतं. रायपूरकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याने खिडकीतून आत डोकावून पाहिलं, मागच्या सीटवरच्या आत्यांना नमस्कार केला आणि सांगितलं की यावर एकच इलाज आहे, वहिनींची टिकली. दिसलाच नाही तर दिवा कसला? सौ.ने पर्समधलं पाकीट काढलं आणि एक मोठी मरून टिकली बरोब्बर इंजिनावर चिकटवली. किल्ली फिरवली. दिवा टिकलीतून आरपार आला आणि पिवळ्याचा चांगला लालभडक झाला. म्हणजे आता नियमाप्रमाणे जागीच थांबायला हवं होतं. आत्यांनी “अवो माय!” करून डबे मांडीवर घेतले. टिकली काढली, तेव्हा कुठे पिवळा दिवा पाहून सगळ्यांना हायसं वाटलं.

भंडाऱ्यात साक्षगंधाच्या भेटीसाठी पितळेचा गुंड घ्यायचा होता. या शहराची पितळी भांडी एके काळी दूरदूर जात. स्टीलने आणि मग प्लास्टिकने त्या बाजाराचा आवाज बसवला, तरी ठोके अगदीच थांबलेले नाहीत. दुकानदार काका गुंड उचलत, बोटाच्या पेराने टिचकी मारत, कान लावत आणि नाद मनासारखा नसला की आपणच तो बाजूला ठेवत. आमच्या दिव्याची हकिकत ऐकून ते गाडीपाशी आले. बॉनेटवर टिचकी मारली. दारावर मारली. मागच्या मडगार्डवर मारली, तिथे जरा थबकले.

“इथं पोचा काढला हाये,” ते म्हणाले.

खरं होतं. पण दिव्याचा प्रश्न तिथेच राहिला.

कारध्याच्या पुलावर आत्यांनी वैनगंगेला रुपया टाकला. गडेगाव, लाखनी मागे पडलं. मी दर दोन मिनिटांनी खाली बघत होतो, सौ. दर दोन मिनिटांनी “रस्त्याकडे बघा” म्हणत होती, आणि गाडीला यातलं काहीच ठाऊक नसल्यासारखी ती झुळझुळ चालली होती.

साकोलीला मांडवासमोर गाडी उभी राहिली आणि सासुरवाडीला सुगावा लागला. झाडीपट्टीत जवायाचा मान मोठा. जवायाच्या गाडीला दिवा म्हणजे घरचंच कार्य.

“काय झालं जी, जवाईबापू?”

“काही नाही मामाजी, एक दिवा लागलाय.”

“गाडी चालते ना?”

“चालते.”

“मंग उतरा ना जी, जेवा. टुरे पाहतेत.”

टुरे कुठले, सगळं गणगोत बॉनेटभोवती जमलं. आणि तिथे मला एक गंमत दिसली. प्रत्येकाला त्या दिव्यात आपापला धंदा दिसत होता. राइस मिलवाले काका म्हणाले, तूस अडकला असेल. हवेचा फिल्टर काढून त्यांनी टायरवर आपटला, नागपूरची धूळ साकोलीत सांडली, दिवा तसाच. गडेगावच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स करण्यात हयात घालवलेले एक मावसभाऊ पाचही गिअर टाकून बघून म्हणाले, “गिअरबॉक्स एक नंबर,” आणि हात पुसून निघूनही गेले. 2023 साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून ज्यांच्या अंगात पुन्हा शंकरपट संचारला आहे असे एक मामा म्हणाले, बैलाला असला दिवा नसतो, त्याच्या डोळ्यातच दिसतं. साळ्याने मोबाइलवर बघून पेट्रोलच्या टाकीचं झाकण करकचून आवळलं. तो इलाज मुळात अमेरिकेचा. तिकडच्या गाड्या टाकीतून पेट्रोलची वाफ निसटते का हेही तपासत असतात, म्हणून झाकण सैल राहिलं तरी दिवा लागतो. आमचा दिवा त्या झाकणाला भुलला नाही.

एवढ्यात पाहुणे मंडळी आली. नवरदेवाला सगळ्यांनी हाताला धरून बॉनेटपाशी आणलं. त्याने वाकून पाहिलं, सरळ झाला आणि म्हणाला, “मला यातलं काही समजत नाही.”

मांडवात शांतता पसरली. मामाजींनी आमच्या चुलतसासऱ्यांच्या कानात सांगितलं, “टुरा खरं बोलते. देऊन टाका पोरगी.”

साळ्याने शेवटचा उपाय काढला. बॅटरीची तार काढायची, पाच मिनिटांनी लावायची. पाना हातात आलाही होता, पण तेवढ्यात ज्याला खरंच बोलावलं होतं तो आला. आयटीआय झालेला, कानावर पेन्सिल, खिशात काडेपेटीएवढं यंत्र. “भाऊ, तार नका काढू जी,” तो घाईने म्हणाला. “दिवा विझन, पन आतलं लिहिलेलं पुसलं जाते. मंग मी काय वाचू? आन् बिमारी तशीच राहिली तं चार दिवसांनी दिवा परत येते.”

स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक खोबणीवजा सॉकेट असतं. इतकी वर्षं माझा गुडघा त्याला घासत होता आणि आमची ओळख नव्हती. याची जन्मकथा लॉस एंजेलिसच्या धुरात आहे. कॅलिफोर्नियाने 1988 च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःची तपासणी स्वतः करायला लावली. 1996 पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या कारला हे सॉकेट आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले. आपल्याकडे बीएस-फोरच्या गाड्यांना 2013 च्या एप्रिलपासून ही सगळी व्यवस्था आली आणि 2020 च्या बीएस-सिक्सपासून मोटारसायकलींनाही दिवा मिळाला. म्हणजे हा दिवा मुळात चालकाच्या काळजीपोटी बसवलेलाच नाही. गाडी झकास पळते की नाही याच्याशी त्याला फार देणंघेणं नाही. मागच्या नळीतून जे बाहेर पडतं ते मागे राहणाऱ्यांना भोगावं लागतं, आणि हा दिवा त्यांचा वकील आहे.

टुऱ्याने यंत्र खोचलं, मोबाइल उघडला. पडद्यावर उमटलं: पी 0141.

“पी म्हंजे इंजिन-गिअरचं घराणं,” तो पाटावर बसल्यासारखा पायरीवर बसून सांगू लागला. “शून्य म्हंजे हा कोड साऱ्या कंपन्यांचा एकच. पुढचा एक म्हंजे हवा-पेट्रोलचं खातं. आन् एक्केचाळीस म्हंजे मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर.”

प्रकार असा. पेट्रोल गाडीच्या धुराच्या वाटेवर दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडचा पेट्रोल-हवेचं माप ठरवायला मदत करतो. पलीकडचा मुख्यतः पहारेकरी; कन्व्हर्टर आपलं काम करतो की नाही एवढंच बघतो. हे सेन्सर तीनेकशे अंश तापल्याशिवाय धड बोलत नाहीत, म्हणून त्यांना आत छोटा हीटर दिलेला. आमच्या पहारेकऱ्याची शेगडी विझली होती. पहारा ढिला झाला तरी गाडी पळायची थांबत नाही, म्हणून मला काही जाणवलं नव्हतं. आणि संगणकही असा सावध की पहिल्या फेरीत नुसतं टिपण करतो, पुढच्या फेरीतही तीच खोड दिसली तरच दिवा लावतो. म्हणजे ठाण्याला जे जाहीर झालं ते आदल्या दिवशी नागपुरात बर्डीवरच घडलेलं होतं.

“कन्व्हर्टर तं चांगला हाये,” टुरा म्हणाला. “नाही तं लई खर्च. त्याच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम राहते. रोडियम सोन्याहून महाग.”

हे ऐकताच माझ्या जुन्या गाडीकडे बघण्याची मांडवाची नजर बदलली. दोघे-तिघे वाकून सायलेन्सरचं दर्शन घेऊन आले. आत्यांनी हळूच विचारलं, “मोडीत किती येतीन?”

गाडी दोन फरशांवर चढवून टुरा खाली सरकला. बॅटरी हातात धरून मी डोकावलो. सेन्सरकडे जाणाऱ्या तारांच्या जुडग्यावरचं काळं आवरण पद्धतशीर सोललेलं होतं. चार तारांपैकी दोन शाबूत, दोन तुटलेल्या, आणि तांब्याच्या टोकांवर दातांच्या बारीक खुणा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. काही ना काही कुरतडल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही, आणि थंडीत ऊबदार इंजिनासारखं दुसरं बिऱ्हाड नाही.

निदान जाहीर झालं आणि वाद पेटला. नागपूरचे पाहुणे म्हणू लागले, धानाच्या मुलखातला उंदीर. साकोलीकरांना हे मुळीच पटेना. गाडी येऊन तास झाला नव्हता. बॉनेटखालच्या कोपऱ्यात हात घालून टुऱ्याने पुरावा बाहेर काढला. कापसाचा बोळा, फाटकी प्लास्टिकची पिशवी आणि संत्र्याची वाळलेली साल.

“नागपूरचाच व्हय!” मांडवातून एकच गजर झाला. जिल्ह्याची अब्रू वाचली. मामाजींनी तर साल पाहुणे मंडळींनाही दाखवली.

टुऱ्याने तारा जोडल्या, त्यांच्यावर नळी चढवून लायटरने आवळली, कोड पुसला. दिवा गेला. तीनशे रुपये सांगितले, मामाजींनी मला खिशात हात घालू दिला नाही. साक्षगंध उरकलं, गुंडाचं कौतुक झालं, पंगती उठल्या. निघताना मामाजींनी आवाज दिला आणि दोन जणांनी चिन्नोर तांदळाचं भलंमोठं पोतं आणून डिकीत टाकलं. पोत्याच्या एका कोपऱ्याची शिवण उसवलेली होती. चार सुवासिक दाणे चटईवर सांडले.

टुऱ्याने ते पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि आपला मोबाइल नंबर पोत्यावरच लिहून दिला.