नवं नाव, जुनंच माप

जँगल दोषा,

'प्रिय' लिहीत नाही, कारण तू मला अजिबात प्रिय नाहीस.

तुला ट्रुमन केली यांनी 1927 सालीच पकडलं होतं. एकाच गुणाला दोन नावं दिली की लोक ते दोन वेगळे गुण समजू लागतात, ही तुझी करामत. तुझा भाऊ जिंगल याच्या उलट वागतो: दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली कोंबतो. पण आज तक्रार तुझ्याबद्दल आहे. शतक होत आलं, तरी तू मानसशास्त्रात उजळ माथ्याने हिंडतोस, याची चीड येते.

'ग्रिट' म्हणजे चिवट जिद्द, या गुणाचंच घे. 2007 साली अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी तो मोजायला बारा विधानांची प्रश्नावली मांडली. मी कष्टाळू आहे, हाती घेतलेलं काम पुरं करतो, अशी त्यातली विधानं. आता व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांची जुनी चाचणी उघड आणि 'कर्तव्यदक्षता' हा भाग वाच. काम नीट पार पाडतो, ते पूर्ण होईपर्यंत चिकाटी सोडत नाही. पहिल्या यादीत 'हो' म्हणणारा माणूस दुसऱ्या यादीत कोणत्या तोंडाने 'नाही' म्हणणार?

मार्कस क्रेडे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 66 हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. मापनातली त्रुटी वजा जाता ग्रिट आणि कर्तव्यदक्षता यांचा सहसंबंध निघाला 0.84. एकच प्लॉट दोघांना विकणाऱ्यावर पोलीस गुन्हा नोंदवतात. तुझ्या नावावर मात्र शोधनिबंध जमा होतात! प्रयत्नातली चिकाटी हा ग्रिटचा एक भाग परीक्षेतल्या गुणांचा अंदाज बांधताना कर्तव्यदक्षतेपेक्षा थोडी जास्त मदत करतो, हेही त्याच अभ्यासात आहे. मग तेवढंच सांग ना! नवा गुण सापडल्याचा डांगोरा कशाला?

तुझा हा खेळ प्रयोगशाळेत थांबत नाही, म्हणून राग जास्त. ग्रिटचं वारं अमेरिकेतल्या शाळांत शिरलं, मोजमापाची भाषा सुरू झाली. अशा गुणांच्या मोजणीवरून शाळांना जबाबदार धरू नका, असं 2016 मध्ये खुद्द डकवर्थ यांना जाहीरपणे लिहावं लागलं. मागे पडलेल्या पोराला 'तुझ्यात ग्रिट नाही' म्हणून मोकळं होण्याची सोय तू करून दिलीस. कर्तव्यदक्षतेवर कित्येक वर्षं झालेलं संशोधन मात्र शेजारच्या कपाटात न उघडता पडून राहतं, कारण तिथलं नाव वेगळं.

तुला रोखायची रीत 1959 पासून छापलेली आहे. डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्के यांनी सांगितलं: वेगवेगळे गुण वेगवेगळ्या पद्धतींनी मोजा आणि सगळे सहसंबंध एका तक्त्यात मांडा. एकाच गुणाची मापं एकमेकांशी जुळली पाहिजेत आणि वेगळ्या गुणांच्या मापांपासून लांब राहिली पाहिजेत.

तेव्हा पुढच्या खेपेला नवं नाव मिरवत येशील, तेव्हा त्याच माणसांकडून जुनी प्रश्नावलीही भरून घेऊन ये. दोन्हींमधला सहसंबंध निबंधाच्या पहिल्या पानावर छाप, तळटीपेत नको.

मानसशास्त्राची एक संतप्त वाचक