बसून केलेला युरोप : ज्येष्ठांसाठी मार्गदर्शिका

साठी उलटलेल्या माणसाने युरोप बघायला जाऊ नये. युरोपात बसायला जावे. बघण्यासारखे जे आहे ते नातवाने मोबाइलवर आधीच दाखवलेले असते. लुसर्नच्या तळ्याकाठच्या बाकावर बसणे मात्र मोबाइलवर होत नाही. सहलीत जास्तीत जास्त चांगल्या जागी, कमीत कमी अपराधीपणाने कसे बसावे, एवढेच ही मार्गदर्शिका शिकवते.

कागदपत्रे

शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पाने कोरी असलेला लागतो. व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे घेतात. जन्मभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला चटकन सापडत नाहीत. अशा वेळी यजमानांनी मागून ‘अगं, नीट ठेव ना’ असे म्हणू नये.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्जातल्या जुन्या आजारांच्या रकान्यात ‘तसं काही नाही, थोडी शुगर आहे’ हा विनय चालत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला जे सविस्तर सांगता, तेच तिथे लिहावे. आजार लपवला तर विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

बॅग

साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. युरोपीय संघात बाहेरच्या प्रवाशांना दुधामांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात चालत नाहीत. दुबईत मुक्काम असेल तर अनारसेसुद्धा वगळावेत, कारण त्यांवरची खसखस तिथे निषिद्ध मालात मोडते. मेतकूट आणि भडंग यांच्याविरुद्ध अजून कोणत्याही राष्ट्राने पाऊल उचललेले ऐकिवात नाही.

औषधे हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. चिठ्ठीत औषधातल्या मूळ घटकाचे नाव हवे; आपल्याकडच्या कंपनीने ठेवलेले नाव तिकडच्या केमिस्टला कळेलच असे नाही. सोमवार-मंगळवार लिहिलेल्या डबीतली गोळी गुलाबी आहे, एवढेच अधिकाऱ्याला समजते.

विमान

गुडघे खरोखर दुखत असतील तर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ड्यूटी-फ्री दुकान दिसताच त्या खुर्चीतून टुणकन उठू नये. ढकलणाऱ्या माणसाचा मानवजातीवरचा विश्वास उडतो.

बसण्याच्या शास्त्राला विमान हा अपवाद आहे. तासन्‌तास बसून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून वाटेकडेची जागा मागावी, पाणी प्यावे आणि अधूनमधून उठून चालावे. खिडकीची जागा ढगांत रस असणाऱ्या तरुणांना द्यावी.

बस

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडणाऱ्या पिढीला इथे मोठा धक्का बसतो, कारण बसच्या खिडक्या उघडत नाहीत. शिवाय बऱ्याच सहलींत जागा रोज बदलतात. त्यामुळे पहिल्या रांगेवरून होणारे युद्ध रोज नव्याने लढावे लागते.

ज्येष्ठांचा खरा कैवारी मात्र कायदा आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते. ती विभागूनही घेता येते. चालकाने किती वेळ गाडी हाकली याची नोंद बसमधले यंत्र ठेवते, त्यामुळे ‘जरा दामटा हो’ या विनंतीला अर्थ नसतो. कायदा केला चालकासाठी; त्याची फळे प्रोस्टेटवाले चाखतात.

जर्मन महामार्गांवरच्या अनेक थांब्यांवर स्वच्छतागृहात जायला एक युरो पडतो. त्याचे रुपये करू नयेत. रुपये केले की आलेली परत पाठवावीशी वाटते आणि या वयात ते जमत नाही. बऱ्याच ठिकाणी त्या युरोबद्दल दुकानात वापरायचे कुपन मिळते. कुपन वाया जाऊ नये म्हणून आपण कॉफी घेतो आणि कॉफीमुळे पुढच्या थांब्यावर पुन्हा एक युरो देतो. युरोपची अर्थव्यवस्था अशी चालते.

प्रेक्षणीय स्थळे

स्वित्झर्लंडने बसणाऱ्यांचा विचार फार आधी केला. युंगफ्राउयोख हे ठिकाण ३,४५४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे, आणि तिथे १९१२ पासून आगगाडी जाते. वर हवा विरळ असते. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि बाकीच्यांनी वर पोचल्यावर सावकाश चालावे.

टिटलिसची केबल कार वर जाताना स्वतःभोवती फिरते, त्यामुळे मान वळवण्याचेही कष्ट वाचतात. वर शाहरुख-काजोलचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा असतो. त्याच्याशेजारी फोटो काढताना यजमानांनी हात पसरावेत. खांदा आखडलेला असल्यास जेवढे पसरतील तेवढे.

आता या मार्गदर्शिकेतला मुख्य नियम : रोज एक स्थळ सोडावे. चौथे कॅथेड्रल आले की टूर मॅनेजरला जागा आणि वेळ सांगावी, हॉटेलचे कार्ड खिशात ठेवावे आणि चौकातला बाक गाठावा. ‘अहो, एवढे पैसे भरलेत!’ असे सौ. म्हणतील. त्यांना शेजारी बसवून घ्यावे. पाव घेऊन जाणारी बाई, कुत्र्यापुढे हरलेला म्हातारा, सायकलवरून शाळेतून परतणारी पोरे, हे सगळे तिकिटाशिवाय दिसते. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे बसायला संध्याकाळ भरपूर मिळते. अर्ध्या तासाने सौ. ‘अजून थोडं बसूया’ म्हणाल्या की भरलेले पैसे वसूल झाले असे समजावे.

परतल्यावर

फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नयेत, कारण तिथे अंगठा दाखवून सुटता येते. लोकांना घरी चहाला बोलवावे. पाहुण्यांना खोल, मऊ सोफ्यावर बसवावे आणि मगच टीव्हीला मोबाइल जोडावा. समवयस्क असतील तर त्यांना त्यातून एका झटक्यात उठता येत नाही.