आमच्या वेळची पाचवी

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडासमोर हायस्कूल आहे आणि हायस्कुलाच्या भिंतीला टेकून वडापावची गाडी. देशाच्या भवितव्याची चिंता करायला याहून सोयीची जागा नाही. तळलेली मिरची फुकट मिळते. 16 जून 2025 रोजी, म्हणजे शाळा उघडली त्या दिवशी, मधल्या सुट्टीत ज्येष्ठांची एक बैठक तिथे कानावर पडली. ज्येष्ठ सगळे पंधरा वर्षांचे होते. इयत्ता दहावी, तुकडी ब.

विषय एकच: हल्लीची पाचवी.

"पाचवी पहिल्यासारखी राहिली नाही राव," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षपद मिसरुडाच्या दाटीवरून ठरलेलं दिसत होतं. "आपण आलो तेव्हा दहावीची पोरं दिसली की भिंतीला चिकटायचो. ही सरळ मधनं जातात. वर म्हणतात, दादा, सरक की."

"दादा तर म्हणतात," एक मवाळ सदस्य म्हणाले.

"म्हणतात. पण मनापासून नाही."

मग आरोपपत्र वाचलं गेलं. कलम पहिलं: ही पोरं सरांना गुरुजी म्हणतात. झेडपीच्या शाळेत भाषेपासून कवायतीपर्यंत सगळं एकाच गुरुजींनी शिकवलेलं. इथे घंटा झाली की माणूस बदलतो. त्यामुळे गणिताचे सर वर्गाबाहेर पडले की शाळा सुटली असं समजून यांनी दप्तरं भरली. कलम दुसरं: भर वर्गात करंगळी वर करून "एकीला जाऊ?" असं विचारतात. हायस्कुलात एकी नसते, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागणारच. कलम तिसरं: दहावीच्या नळाला तोंड लावतात. नळ सहा, पाणी दोनांना, आणि त्यातला एक वंशपरंपरेने दहावीचा आहे. तशी पाटी लावलेली नाही. पाटी लागते ती ज्याच्यावर कुणाचा हक्क नसतो अशा जागेला.

चौथं कलम मात्र पोटातून आलं. "यांना खिचडी. यांना पुस्तकं फुकट. आणि आपल्याला काय? बोर्ड!"

इथे आम्हालाही गहिवरून आलं. शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा. त्यात मूल म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं. खिचडी आणि फुकटची पुस्तकं दोन्ही आठवीपर्यंत. पुढे सरकारला मूल दिसेनासं होतं, आणि नववीतल्या पोराला एका दुपारी उमगतं की मैदानावरून येणारा खिचडीचा वास हा आता हक्क नसून नुसता वास आहे. ज्येष्ठत्वाची जाणीव माणसाला होते ती अशी, ताट हातातून गेल्यावर.

"आपल्या पाचवीत असलं काही नव्हतं," अध्यक्षांनी समारोपाला सुरुवात केली. "काय शिस्त होती! काय धाक होता!"

आमचं गणित कच्चं, तरी एवढी वजाबाकी येते. 2025 ला दहावी, म्हणजे पाचवी 2020 च्या जूनमध्ये. त्या जूनमध्ये शाळांना कुलपं होती. पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले ते 27 जानेवारी 2021 ला, तेही मुंबई सोडून आणि थोड्याच दिवसांसाठी. एप्रिलमध्ये सरकारने आठवीपर्यंतच्या सगळ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात ढकललं. म्हणजे ही मंडळी ज्या भिंतीला चिकटत होती, ती भिंत त्या वर्षी बहुतेक घरचीच होती.

"काय रे," आम्ही विचारलं, "तुमची पाचवी तर मोबाइलवर झाली ना?"

बैठकीत शांतता पसरली. मवाळ सदस्य म्हणाले, "रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढायला लागायचं." पण अध्यक्ष डगमगले नाहीत. मिसरुडावरून बोट फिरवून म्हणाले, "काका, मोबाइलवर पण शिस्त होती. सर म्यूट करा म्हणाले की आम्ही करायचो. आज पाचवीचं एक तरी पोरगं म्यूट होतंय का, सांगा!"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. वास्तविक ही बिघडलेली पाचवी वर्षअखेर परीक्षा देणार होती. डिसेंबर 2023 मध्ये नियम बदलला: वार्षिक परीक्षेत नापास झालं की फेरपरीक्षा, तीही गेली की पुन्हा पाचवीच. पण परीक्षा न देता पास झालेल्याला आपण हे सांगू नये. अनुभवी माणसं दुखावतात.

आणि सांगणारे आम्ही तरी कोण? आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. 2000 सालापासून ती पहिलीतच आली. तेव्हापासून आम्ही भेटेल त्याला ऐकवतो, "आम्ही पाचवीपर्यंत एबीसीडीचं तोंड पाहिलं नव्हतं." यात अभिमान कशाचा, हे आम्हाला अजून कळलेलं नाही, पण तो आहे.

घंटा झाली. ज्येष्ठ उठले, पँटी झटकल्या आणि फाटकातून आत गेले. फाटकावर कमान आहे, तिच्यावर ठळक अक्षरांत: माध्यमिक विद्यालय व कनिष्ठ महाविद्यालय. म्हणजे अध्यक्ष बोर्डाची परीक्षा पास झाले की पुढच्या जूनमध्ये सरकारी कागदोपत्री कनिष्ठ होणार. अकरावीचा अर्ज 2025 पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झालाय. निदान तिथे तरी पाचवीतला सराव उपयोगी पडेल.

एक पाचवीचं पोरगं मागे रेंगाळलं होतं. शर्ट नवा, दोन वर्षं पुरेल एवढा. आम्ही विचारलं, "काय बाळा, कशी वाटली शाळा?"

त्याने दोन्हीकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि हनुवटी वर करून म्हणाला, "शाळा बरी आहे. पण तिकडं झेडपीत आता चौथीची पोरं लई शेफारली असतील. आम्ही होतो तोवर तसलं काही नव्हतं."