नांगराची टोपी

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी नौदल वैमानिकांच्या टोप्या जमवण्याचा छंद नगर जिल्ह्यात राहून कोणालाही करता येतो. मुंबईचा समुद्र अडीचशे किलोमीटरवर आहे आणि जपान तर त्याच्या उलट्या दिशेला, याचा बाऊ करू नये. घरात हिशेब मागणारं कोणी नसलं म्हणजे निम्मं काम झालं. असेल तर टोपीची किंमत येनमध्ये सांगू नये, आकडा उगाच फुगतो. डॉलरमध्ये सांगावी. आणि जिल्हा अहिल्यानगर झाल्यापासून पार्सलच्या पत्त्यावर दोन्ही नावं घालायला लावावीत. माझी एक टोपी जुन्या नावाच्या आणि नव्या नावाच्या मध्ये अकरा दिवस लोंबकळत होती.

सुरुवात आपल्या रणगाडा संग्रहालयापासून करावी. १९९४ साली लष्कराने ते उघडलं, आणि तिथे महायुद्धातला जपानी रणगाडाही उभा आहे. त्याच्याकडे पाहून नवख्या माणसाला वाटतं, अख्खा रणगाडा नगरपर्यंत येतो तर टोपी का येऊ नये? पण ब्रह्मदेशाच्या लढाईत जपानी भूदल आपल्या सैन्याच्या अंगावर आलं, म्हणून त्याचं सामान हाती लागलं. नौदलाचे वैमानिक बहुतांशी समुद्रावर फिरले. आपल्या किनाऱ्याला ते भिडले ते ६ एप्रिल १९४२ रोजी: र्‍युजो नावाच्या विमानवाहू जहाजावरून उडून विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले आणि परत गेले. टोपी टाकायला कोणी खाली उतरलं नाही.

तशी नगरात टोप्यांची वानवा नाही. भिंगारकडे निघालं की रणगाडा दलाची काळी बेरे टोपी पावलोपावली भेटते. ती काळी का, तर ग्रीसचा डाग दिसू नये म्हणून; ब्रिटिशांच्या रणगाडा दलाने १९२४ साली हाच विचार करून तो रंग घेतला. आमच्या गॅरेजवाल्यानेही याच विचाराने काळी टोपी घेतली आहे, आणि त्याने इंग्रजांचा इतिहास वाचलेला नाही. पण अशी सहज मिळणारी टोपी खऱ्या संग्राहकाने जमवू नये. त्यात प्रतिष्ठा नाही.

जपानी टोपी हाती आली की आधी समोरचं चिन्ह पाहावं. चांदणी असेल तर भूदल, नांगर असेल तर नौदल. नांगर म्हणजे जहाजाचा. आपल्या जिल्ह्यात हे दोनदा सांगावं लागतं. नांगरावर पाच पाकळ्यांचं चेरीचं फूल असतं. पाहुण्यांनी त्याला सदाफुली म्हटलं तर वाद घालू नये. मग टोपीच्या कडेने फिरणाऱ्या गडद पट्ट्या मोजाव्यात. दोन असतील तर अधिकारी, एक असेल तर हवालदाराच्या तोलाचा, पट्टीच नसेल तर साधा खलाशी. विकणारा मात्र पट्टी नसलेली टोपीसुद्धा 'नामांकित लढाऊ वैमानिकाची' म्हणूनच विकतो.

खरी गोम पुढेच आहे. ही कापडी टोपी नौदलात वैमानिक घालत आणि आचारीही घालत. विमानात चढताना वैमानिक चामड्याची कानटोपी चढवी, थंडीतल्या कानटोपीला आतून सशाच्या फरचं अस्तर. (ती नगरच्या मे महिन्यात डोक्यावर घालून पाहू नये. मी पाहिली आहे.) म्हणजे कापडी टोपी वैमानिकाचीच, हे टोपी स्वतः कधीच सांगत नाही. ते सांगायला सोबत फोटो लागतो, कागद लागतो, निदान आत शाईने लिहिलेलं नाव तरी लागतं. मला एकाने र्‍युजोवरच्या वैमानिकाची टोपी विकली. त्या माणसाने ती पूर्ण युद्धभर र्‍युजोवरच वापरली, असा दाखला तोंडी दिला. र्‍युजो २४ ऑगस्ट १९४२ लाच बुडालं, हे मी पैसे भरल्यावर वाचलं. टोपी घालणे हा वाक्प्रचार मराठीत कसा आला असेल, यावर त्या रात्री मी बराच विचार केला.

नकली टोपी चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करतात, तेव्हा वास घ्यायला लाजू नये. दुसरी परीक्षा निळसर-जांभळ्या दिव्याची. हल्लीच्या धाग्यात चकाकीचं रसायन असतं, ते त्या उजेडात लख्ख उजळतं. युद्धकाळातलं सूत मंदच राहतं. वेगळा दिवा घ्यायची गरज नाही. कापड बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे खोट्या नोटा तपासायची पेटी असते. गिऱ्हाईक नसताना जावं आणि टोपी पेटीखाली धरावी. दुकानदार एकदा टोपीकडे, एकदा आपल्याकडे पाहतो. आपण टोपीकडेच पाहावं. मात्र त्याआधी टोपी घरात कोणाच्या हाती लागू देऊ नये. माझी एकमेव अस्सल टोपी बायकोने धुण्याच्या पावडरीत दोन तास भिजवून, पिळून, उन्हात वाळत घातली. पावडरीतही तीच चकाकी असते. आता ती टोपी दिव्याखाली ट्यूबलाइटसारखी पेटते, आणि मी सोडून जगात तिला अस्सल म्हणणारं कोणी उरलं नाही.

त्या टोपीच्या आत, कपाळाच्या पट्टीवर, शाईत तीन अक्षरं होती. धुऊन ती पुसट झाली, पण गेली नाहीत. नौदलाच्या वैमानिक-शाळेत पंधरा-सोळा वर्षांची मुलं घेत. टोपीतलं नावही आमचा धाकटा शाळेच्या दप्तरावर लिहितो तसंच, जरा तिरकं, शेवटचं अक्षर जागा न पुरल्याने दाटीने बसवलेलं. ते कोणाकडून वाचून घ्यायचं मी अजून टाळलं आहे.

जपणुकीचे नियम कडक आहेत. डांबरगोळी टोपीला चिकटून ठेवू नये. खुंटीला टांगू नये, तिथे उंचवटा येतो. उपड्या पातेल्यावर ठेवावी. तांब्या लहान पडतो, कुकर मोठा. आणि घडी? घडी जन्मात घालू नये. ऐंशी वर्षांचं सूत घडीवरच तुटतं.

गेल्या महिन्यात पाथर्डीहून मामा आले. पातेल्यावरची टोपी त्यांनी उचलली, चष्मा वर सरकवून नांगर पाहिला.

"जनता पक्षाची का रे? सत्त्याहत्तरला आपण नांगरवाल्यालाच मत दिलं होतं."

"मामा, तो चक्रातला नांगरधारी शेतकरी. हा जहाजाचा नांगर आहे."

"जहाजाचा," मामा म्हणाले, आणि शेतात बी फुकट गेल्यासारखी मान हलवली. मग त्यांनी आपली पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, जपानी टोपी दोन्ही तळव्यांत धरली, मधोमध दाबली, दुमडली, आणि अंगठ्याचं नख कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सफाईने ओढलं.

"घे. आता कपाटात बसेल. पातेलं आत दे, चहा ठेवायचाय म्हणत होती ती."