ट्रायपॉडधारी

मुंबईच्या समुद्रकाठी संध्याकाळी जमणाऱ्या फेरीवाले, शतपावलीवाले आणि प्रेमी युगुले या प्रस्थापित वर्गांत अलीकडे एका नव्या वर्गाची भर पडली असून, पाठीवरची अवजड सॅक, काखेतला ट्रायपॉड म्हणजे कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी आणि जवळ उभ्या असलेल्या मनुष्यमात्राविषयीची संपूर्ण अनास्था या तीन लक्षणांवरून तो लांबूनही ओळखता येतो. इमारतींच्या माथ्यांनी आभाळावर रेखलेली शहराची कड, म्हणजेच स्कायलाइन, टिपणे हे त्याचे जीवितकार्य होय. पोटासाठी तो बहुधा बँकेत असतो.

तो सूर्यास्त पाहायला येतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. सूर्य बुडून नरिमन पॉइंटच्या कठड्यावरची मंडळी घराकडे वळू लागली की त्याचे काम सुरू होते, कारण सूर्य क्षितिजाखाली चार ते सहा अंश उतरला असता वातावरणातील ओझोन नारिंगी छटा शोषून घेतो, आभाळ गडद निळे होते आणि त्याचा उजेड व खिडक्यांतले दिवे काही काळ तुल्यबळ राहतात. या वेळेला ‘ब्लू अवर’ म्हणतात. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली उतरत असल्यामुळे सूर्यास्तापासून सुमारे २५ मिनिटांत सारे आटोपते, आणि तेवढ्यात घरून फोन आला तर तो उचलला जात नाही.

त्याचे पंचांगही स्वतंत्र असते. हिवाळ्यात आभाळ मोकळे असते, परंतु जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाऊन धूर आणि धूळ तिच्यात साठते व समोरचा मलबार हिल केवळ ऐकीव माहितीपुरता उरतो. जूनअखेरीस मावळता सूर्य उत्तरेकडे सरकून त्या टेकडीच्या सर्वांत जवळ येतो, तर नेमका तेव्हा पाऊस असतो. राहता राहिल्या पावसाने हवा धुऊन काढलेल्या उघडिपीच्या संध्याकाळी, आणि त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्याच्या दूरच्या नातेवाइकांपैकी कोणी ना कोणी अत्यवस्थ होते.

लेन्सविषयी त्याला प्रश्न विचारू नये. वाइड अँगल, अर्थात विस्तृत दृश्यकोनाची लेन्स, नवशिक्यांनी वापरावी, कारण तिच्यात आभाळ फार आणि शहर चिमूटभर येते, असे त्याचे मत आहे (ते तितकेसे चूक नाही). तो स्वतः वांद्र्याच्या किल्ल्यावरून २०० मिलिमीटरच्या टेलीफोटोने, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने, सागरी सेतूच्या तारांमागे वरळीचे मनोरे दाटीवाटीने उभे करतो, आणि ही दाटी लेन्समुळे नसून उभे राहण्याच्या अंतरामुळे येते, हे चहावाल्यालाही समजावून सांगतो. वाऱ्याने घोडी थरथरू नये म्हणून तिला सॅक टांगलेली असते. प्रकाशद्वार दहा-दहा सेकंद उघडे राहत असल्याने समोरून चालत गेलेली माणसे छायाचित्रात उमटत नाहीत, आणि याचे त्याला मनापासून समाधान असते. ‘चॅनेलवाले का?’ या प्रश्नाला तो उत्तर देत नाही; ‘परवानगी आहे का?’ या प्रश्नाला मात्र, विचारणाऱ्याच्या अंगावर गणवेश असल्यास, अत्यंत नम्रपणे देतो.

मरीन ड्राइव्हवरील पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी २०१५ मध्ये पांढरे एलईडी दिवे बसवले गेले, तेव्हा जुनी पिवळी झळाळी गेली म्हणून शहरात गदारोळ झाला. राजकीय पक्षांचा राग यथावकाश निवळला, या ट्रायपॉडधाऱ्याचा निवळलेला नाही.

खरे शहर मात्र मध्यरात्रीनंतर घरच्या संगणकावर उभे राहते. कॅमेऱ्याने नोंदलेली सर्व माहिती राखणाऱ्या ‘रॉ’ फाइलमधून तो सावल्या उजळतो, निळा रंग गडद करतो, कॅमेरा वर कलल्यामुळे एकमेकींकडे झुकलेल्या इमारती ताठ करतो आणि अखेरीस बांधकामाच्या क्रेन एकेक करून पुसतो. मुंबईतून क्रेन वजा केल्यास ती मुंबई राहते काय, या शंकेला ‘किरकोळ करेक्शन आहे’ एवढेच उत्तर मिळते. आभाळ बदलणाऱ्यांचा तो तिरस्कार करतो. मागच्या महिन्यातले स्वतःचे आभाळ लावणे त्या सदरात मोडत नाही.

अशा सभासदाकडे एका सोसायटीने पुनर्विकासाच्या प्रस्तावाला जोडण्यासाठी आपल्या मोडकळीस आलेल्या इमारतीचे छायाचित्र मागितले असता, त्याने कललेला जिना सरळ करून, भिंतींवरची ओल पुसून आणि मागे जांभळे ढग ठेवून ते इतक्या ऐनवेळी सादर केले की, सचिवांना घाईघाईने खाली उतरून आपल्या मोबाइलवर दुसरे काढावे लागले.