डाव्या पायाची बरखास्ती

विजेवर चालणाऱ्या मोटारीची स्तुती ऐकण्याची ज्यांना इच्छा असेल त्यांनी ती विकणाऱ्याकडे जावे. तेथे चहाही मिळतो. मी ती विकत घेतलेली आहे, समाधानाने वापरतो आहे, आणि तिच्याविरुद्ध माझी कोणतीही फिर्याद कोणत्याही कचेरीत दाखल नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. परंतु पुण्याहून चिपळूणपर्यंतच्या प्रवासात, खंबाटकी चढताना, उंब्रजला महामार्ग सोडताना आणि कुंभार्लीचा घाट उतरताना, ज्या ज्या गोष्टींची उणीव मला पदोपदी भासली, त्या सर्व अशा निघाल्या की ज्यांच्याविषयी जुन्या डिझेल गाडीच्या काळात मी अखंड कुरकुर करीत आलो होतो; आणि मनुष्याची कुरकुरीची वहिवाटच कोणी मोडून काढली म्हणजे त्याला जो पोरकेपणा येतो, त्याची कल्पना जन्मजात सुखी माणसांना यावयाची नाही.

जुनी गाडी वाहन तर होतीच, परंतु त्याहून अधिक ती निमित्तांची वखार होती. पोचावयास उशीर झाला तर तो तिने केलेला असे. नको असलेल्या आप्तांकडे जाणे टळले तर ते तिच्या प्रकृतीमुळे टळलेले असे. आणि ती चालविणाऱ्याला, तो घरात कितीही नगण्य असला तरी, प्रवासापुरता का होईना एक हुद्दा प्राप्त होत असे. नव्या गाडीने सारे काही दिले, हुद्दा मात्र काढून घेतला.

प्रस्थानाचेच पाहा. अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या, मुलीचे सासर चिपळूणचे. तिच्या मुलाच्या बारशाला आम्हांस जावयाचे होते. मंडळीत मी, सौभाग्यवती, अण्णा आणि माझी मावशी. पूर्वी अशा वेळी मी खाली उतरून गाडी सुरू करून ठेवीत असे. तिच्या धडधडीने कुंपणाची भिंत हादरे, शेजारी खिडक्या लावून घेत, धुराचा एक करडा लोट जिन्याने वर चढे, आणि 'डिझेल जळते आहे' हे जे समन्स त्यातून वरच्या मजल्यावर बजावले जाई, त्याच्यापुढे मावशीसुद्धा अर्धा चहा टाकून उठत असे. आता गाडी सुरू झाली आहे ही वार्ता एक इवलासा हिरवा दिवा फक्त मला एकट्याला सांगतो. मी सुरू झालेल्या गाडीत मूकपणे बसून राहिलो. वरच्या मंडळींनी मी वर्तमानपत्र वाचीत बसलो आहे असा समज करून घेतला. बोलावण्यासाठी अण्णांना पाठविले तर तेही वर चहाला बसले.

कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर दुसरी उणीव प्रकट झाली. आमच्या कुटुंबातील सलोखा बऱ्याच अंशी डिझेलवर चालत होता, हे सत्य मला त्या दिवशी उमगले. जुन्या गाडीत चौथ्या गिअरपर्यंत पोचेतो संभाषण अशक्य असे, कोणी काही विचारलेच तर दोनदा "काय?" म्हणावे, की तो विषय पुढील मुक्कामापर्यंत आपोआप तहकूब होई. या गाडीत चाकांची आणि वाऱ्याची कुजबुज सोडली तर नीरव शांतता. मागे मावशी आणि सौभाग्यवती हलक्या आवाजात माझ्या चुलतभावाच्या वाटणीविषयी बोलत होत्या. तो प्रत्येक शब्द मला स्पष्ट ऐकू येत होता, आणि मला ऐकू येतो हे त्यांना ठाऊक होते. "ऐकलंत ना अहो?" या प्रश्नाला कोणतेही कायदेशीर उत्तर उरलेले नव्हते. आवाजाचे महत्त्व युरोपातील शहाण्या लोकांनीही ओळखलेले दिसते. तेथे २०१९ च्या जुलैपासून नव्या नमुन्याच्या विजेच्या गाड्यांना मंद गतीत, ताशी २० किलोमीटरपर्यंत, कृत्रिम आवाज करण्याची सक्ती झाली. पादचाऱ्यांस, विशेषतः दृष्टिहीनांस, गाडी आल्याचे कळावे हा हेतू. शंभर वर्षे ज्याला दाबण्यासाठी नाना प्रकारचे सायलेन्सर घडविले, तो आवाज आता ध्वनिक्षेपकातून हुकमाने काढावयाचा! त्या कायद्याच्या मसुद्यात प्रवाशांचे कौटुंबिक हित मात्र विचारात घेतलेले नाही.

खंबाटकीची चढण लागली आणि डाव्या पायाची कैफियत सुरू झाली. या पायाने हयातभर क्लचची चाकरी केली होती. पुण्याच्या चौकाचौकांत त्याने जे कष्ट उपसले त्याबद्दल मी त्याला रात्री तेल लावीत असे, आणि लावताना शासनाच्या रस्तेविषयक धोरणाला शिव्या देत असे. नव्या गाडीत क्लच नाही, गिअर नाहीत, म्हणून त्याची जागाच रद्द झाली. परंतु पेन्शनीत निघालेला हेडकारकून ज्याप्रमाणे अकराच्या ठोक्याला सवयीने कचेरीच्या दाराशी जाऊन उभा राहतो, शिपायाने आदराने पण ठामपणे परत पाठविल्यावर समोरच्या झाडाखाली बसून आत गेलेल्या प्रत्येक दप्तराकडे पाहत राहतो, आणि आपल्यावाचून काम चाललेच कसे याचा अचंबा करतो, त्याप्रमाणे माझा डावा पाय प्रत्येक वळणाला उठे, शून्यात दाबला जाई आणि ओशाळून परत येई. डावा हातही त्याच्याच जोडीचा. वळण आले की तो गिअरचा दांडा शोधण्यासाठी झेपावे आणि शेजारी बसलेल्या अण्णांच्या गुडघ्यावर जाऊन स्थिरावे. दोन-चार वळणे अण्णांनी हे ममतेचे लक्षण समजून सोसले.

अण्णा म्हणजे जुन्या पिढीतील कसलेले मोटारचालक. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, जिचा गिअर सुकाणूच्या दांड्याला बसविलेला असे, ती त्यांनी वर्षानुवर्षे हाकली आहे. खंबाटकीच्या चढणीवर बॉनेट उघडून वाफा सोडीत उभ्या असलेल्या गाड्या हे त्यांच्या तारुण्यातील मानाचे दृश्य. इंजिन तापले म्हणजे किती वेळ थांबावे, रेडिएटरचे झाकण ओल्या फडक्याने कोणत्या कोनातून फिरवावे, पाणी किती बेताने ओतावे, या विद्येत त्यांचा हात धरणारा नव्हता. आणि ते हे करीत असता घरातील बायकामंडळी रस्त्याच्या कडेला चटईवर बसून त्यांच्याकडे ज्या आदराने पाहत, तसा आदर त्यांच्या वाट्याला अन्यत्र आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आता त्या घाटाच्या माथ्यावर, विसाव्यासाठी गाडी थांबविताच, ते लगबगीने उतरले व "दाजी, जरा बॉनेट उघडा," म्हणाले. उघडले. आत एक मोठे प्लास्टिकचे झाकण, आणि ते उचलल्यावर मावशीची फराळाची पिशवी. अण्णांनी पिशवीकडे बराच वेळ पाहिले. मग त्यातील एक चकली काढून घेतली आणि काही न बोलता बॉनेट लावले.

स्टेपनीचा प्रसंग मी विस्ताराने सांगत नाही. या गाडीत जादा चाक दिलेलेच नाही. त्याच्या जागी पंक्चर बुजविण्याच्या द्रवाची एक बाटली आणि हवा भरण्याचा छोटा पंप आहे, हे ऐकल्यावर अण्णा साताऱ्यापर्यंत गप्प होते.

साताऱ्याला चार्जिंगसाठी थांबलो. पेट्रोलपंपावरील पूर्वीचा विधी किती संक्षिप्त आणि किती प्रतिष्ठित होता! काच खाली करावी, "फुल" म्हणावे, पोऱ्याने "शून्य बघा साहेब" म्हणून जी ग्वाही द्यावी ती गंभीरपणे बघितल्यासारखे करावे, आणि पाच मिनिटांत मार्गस्थ व्हावे. येथे प्रथम मोबाइलवर ॲप उघडावयाचे, त्यात पैसे भरावयाचे, मनगटाएवढ्या जाड केबलची ती 'गन' गाडीस लावावयाची, यंत्राने ती नाकारली तर काढून पुन्हा लावावयाची, आणि मग पाऊण तास शेजारच्या उपाहारगृहात बसून राहावयाचे. ऐंशी टक्क्यांपर्यंत विद्युत्प्रवाह झपाट्याने शिरतो. त्यापुढे बॅटरीच्या प्रकृतीस जपण्यासाठी यंत्र हात आखडता घेते, आणि शेवटच्या वीस टक्क्यांना जो वेळ लागतो त्यात मिसळीची दुसरी प्लेट सहज होते. इंधनात वाचलेली रक्कम आम्ही अशा रीतीने शहरातच खर्ची टाकली. कंदी पेढे वेगळे.

टक्क्यांनी तर जीव मेटाकुटीस आणला. पूर्वी इंधनाचा काटा होता, आणि तो थोर मनाचा होता. तो तळाला टेकला तरी गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर चाले, हे फक्त मला माहीत असे. या गुप्त ज्ञानावर माझा निम्मा अधिकार उभा होता. आता समोरच्या पडद्यावर टक्का ठळक अंकांत झळकतो व तो मागच्या बाकावरून चष्म्याशिवायही वाचता येतो. "अरे, त्र्याहत्तर झाले," मावशी म्हणे, आणि पुढच्या चढावर, "एकाहत्तर रे!" चिंता ही आजवर चालकाची खाजगी मालमत्ता होती, तिची सर्वांत समान वाटणी झाली.

"हे सारं नवीन खूळ आहे," साताऱ्याच्या त्या पाऊण तासात अण्णांनी निकाल दिला. वस्तुतः खूळ जुनेच आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातील पहिली मोटार विजेचीच होती. १८९९ साली कामीय झनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ती पॅरिसजवळ पळविली. आणि ज्या हेन्री फोर्डने पेट्रोलची गाडी घरोघर पोचविली, त्याची स्वतःची पत्नी क्लारा विजेची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवीत असे, कारण पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी त्या काळी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. पुढे १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाड्यांचा बाजार उठण्यास मोठाच हातभार लागला. म्हणजे त्या गाडीचा घात विजेनेच केला. हे सारे मी अण्णांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "फोर्डसाहेब बायकोच्या गाडीतून गावाला जात होते का?"

उंब्रजहून आत वळलो. हंगाम उसाचा होता. मल्हारपेठेच्या अलीकडे उसाने लादलेल्या बैलगाड्यांची रांग लागली. पूर्वी मागून डिझेलची घरघर ऐकताच गाडीवान आपसूक बाजू देत. आता आम्ही त्यांच्या मागे किती काळ सरपटत होतो हे बैलांनाही कळले नाही. हॉर्न द्यावा तर तो त्या शांततेत इतका उर्मट वाटे की मला मान खाली घालावी लागे. पाटण गेले, कोयनानगर जवळ आले. अण्णांनी तेथे चार्जिंगची सोय असल्यास बॅटरी भरून घेण्याची सूचना केली. मी ती फेटाळली, कारण घाट उतरताना चाके मोटारीस फिरवून जी वीज परत आणतात तिला आत जागा लागते, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर ती वीज घेतली जात नाही.

अण्णांच्या आयुष्यातील सर्वोच्च पराक्रम कुंभार्लीच्या घाटातच घडलेला होता, ही गोष्ट मला ज्ञात नसती तर पुढचा प्रसंग टळता. ऐन उमेदीत ते हा घाट इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलवर सोडून, थेंबभर पेट्रोल न जाळता उतरले होते. हा प्रकार बेकायदा व जीवघेणा असून त्याचे कोणी अनुकरण करू नये. परंतु कुटुंबात तो तीन पिढ्यांना सांगितला गेला आहे. घाट सुरू होताच त्यांनी तो पुन्हा सांगावयास आरंभ केला. मी पाय उचलला की गाडी आपोआप आवरत होती, ब्रेकला क्वचितच स्पर्श होत होता, आणि अण्णा "थेंबभरसुद्धा नाही" या वाक्याशी आले असता मागून मावशीचा आवाज आला, "अरे, एकोणचाळीसचे चाळीस झाले!"

पुढच्या वळणांवर एक्केचाळीस झाले, मग बेचाळीस. गणित सोपे आहे: दोन हजार किलोंचे ओझे सहाशे मीटर खाली आले तर त्यातून हिशेबाने तीन युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा मोकळी होते, सारी हाती लागत नाही, तरी बराच हिस्सा जमेस येतो. आणि आम्ही जे करीत होतो तेच काम त्याच डोंगराच्या पोटात साठीच्या दशकापासून चाललेले आहे. कोयनेचे पाणी निसर्गतः पूर्वेकडे वाहत जाऊन कऱ्हाडला कृष्णेस मिळावयाचे. ते अडवून, बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून, सह्याद्रीच्या उतारावरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडतात, आणि या प्रकल्पाची एकूण क्षमता १९०० मेगावॅटहून अधिक आहे. मी हे साभिमान सांगितले. पेट्रोल वाचविणाऱ्या मनुष्यासमोर वीज कमावणारी गाडी उभी करणे ही क्रूरता होती, हे मान्य. पण साताऱ्यापासून त्यांनी माझ्या गाडीला बरेच सोसायला लावले होते. अण्णांनी खिडकीबाहेर पाहिले. "पाणी निदान आवाज तरी करतं," ते म्हणाले.

बारसे यथासांग पार पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघावे म्हणून दार उघडू गेलो तो दार उघडेना, दिवा लागेना, पडदा अंधारलेला. मोठ्या बॅटरीत भरपूर वीज होती. परंतु या गाड्यांतही जुन्या गाड्यांसारखी बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते, कुलपे, दिवे आणि सारा कारभार जागा करण्याची मुखत्यारी तिच्याकडे असते, आणि ती रात्रीत बसली होती. ही वार्ता ऐकताच अण्णांच्या मुद्रेवर जे तेज आले ते मी प्रवासात प्रथमच पाहिले. त्यांनी बाह्या सरसावल्या, चोरकिल्लीने दार उघडून बॉनेट वर केले, आणि फराळाची पिशवी अवमानपूर्वक बाहेर काढली. क्षणात अंगणात दहा-बारा माणसे जमली. कोणी धक्का मारण्याचा सल्ला दिला. या गाडीला धक्का मारून उपयोग नाही हे सांगूनही दोघांनी मारून पाहिला. व्याह्यांनी आपली जुनी डिझेल जीप आणून नाकासमोर उभी केली, बहादूरशेख नाक्यावरून मिस्त्री आला, तारा जोडल्या गेल्या, आणि आमच्या गाडीचा पडदा निमूटपणे उजळला.

मिस्त्रीने हात पुसले. "साहेब, आता जरा रेस द्या."

अण्णा चालकाच्या जागी बसलेच होते. त्यांनी पाय दाबला.

"द्या ना," मिस्त्री म्हणाला.

"दिली."

"कुठे? जोरात द्या."

"पार तळाला दाबून धरली आहे रे!"

मिस्त्रीने बॉनेटमध्ये कान नेला, मान हलविली, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला खुलासा करण्याचे धैर्य झाले नाही. तेव्हा व्याही पुढे झाले, जीपमध्ये चढले व त्यांनी तिची रेस दिली. अंगण दणाणले, धूर माडांच्या शेंड्यांपर्यंत गेला, पाळण्यातले बाळ रडू लागले, आणि घरातून सौभाग्यवती व मावशी हातांतल्या पिशव्यांसह धावत बाहेर आल्या.

"हां, आता बरोबर आहे," असे म्हणून मिस्त्रीने आमच्या गाडीचे बॉनेट लावले आणि दोनशे रुपये मागितले.